तेवीस पावलं

नकाशेवालीच्या हातून तीस वर्षांत पहिल्यांदाच एका कवळीला दोन्ही बाजूंना डावेच सुळे बसले. डेंटल लॅबच्या मालकांनी ती कवळी उजेडात धरली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली आणि म्हणाले, "बाई, हे गिऱ्हाईक दोन्हीकडून डावंच खातं की काय?" शेजारच्या टेबलावरच्या दोघी खुदखुदल्या. एरवी तीही हसली असती, तोंडावर हात धरून. त्या दिवशी तिनं कवळी मुकाट्यानं परत घेतली, मेण गरम केलं आणि चुकीचा दात उपटायला बसली. मालक जरा वेळ तिथंच घोटाळले. मग हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. दादा होता, वहिनी होती, आणि दोघंही तिला सांभाळून होती. आली नव्हती ती वही. सात महिने झाले, वही आली नव्हती.

आता ही वही काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. ज्याला ते ठाऊक नाही त्याला ही बाई खुळी वाटेल. ज्याला ठाऊक आहे त्यालाही वाटेलच, पण निदान खूळ कसलं आहे ते तरी कळेल.

ती एकोणीस वर्षांची असताना रेडिओवर ‘नववं गलबत’ नावाची मालिका लागायची. ग्रहताऱ्यांमधून भटकणारं एक जहाज, आत अकरा माणसं आणि घरी परतायची वाट कोणालाच आठवत नाही. आठवड्यातून एकदा, पंचवीस मिनिटं. एकशे अठरा भाग झाले आणि एका संध्याकाळी त्या वेळेला मालिकेऐवजी बासरी लागली. कोणी कारण दिलं नाही, कोणी माफी मागितली नाही. बाकीच्या जगानं बासरी ऐकली आणि ते जेवायला बसलं. सात जणांना मात्र घास उतरेना. त्यांनी केंद्राला पत्रामागून पत्रं पाठवली, तीही जहाजावरच्या माणसांच्या थाटात, सुकाणू, दुर्बीण, कोठारवाला अशा सह्या करून. वर्षभर हा मारा सहन केल्यावर केंद्रातला कोणी कारकून कंटाळला. त्यानं पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता कळवला, दुसऱ्याला तिसऱ्याचा, असं करत सातव्याला पहिल्याचा, आणि खाली लिहिलं, ‘तुम्ही आपसांतच काय ते बघून घ्या.’ बिचाऱ्याला वाटलं असेल, ब्याद टळली.

त्या ब्यादेतून वही जन्माला आली. नकाशेवालीनं दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर नियम लिहिले आणि पुढच्याला पोस्टानं पाठवून दिली. वही हाती आली की निदान एक पान लिहायचं आणि सात दिवसांत पुढे धाडायची. काहीच सुचलं नाही तर ‘जहाजावर सर्व क्षेम’ एवढं तरी लिहायचं. वहीसाठी तिनं खाकी जाड कापडाची पिशवी शिवली होती, तिला वरून पारदर्शक खिसा. त्यात पत्त्याचं कार्ड असायचं. पिशवी आली की आपलं कार्ड काढायचं, पुढच्याचं घालायचं. नियम बदलायचे तर बहुमतानं. सभासद तिघांपेक्षा कमी उरले तर वही बंद, उगाच दोघांनी एकमेकांची समजूत घालत बसायचं नाही. हा चौथा नियम. आणि पहिला नियम असा, की कोणी कोणाला कधीही भेटायचं नाही, फोटो पाठवायचा नाही, खरं नाव विचारायचं नाही, वहीबाहेर पत्र लिहायचं नाही.

बाकीच्यांना वाटलं, काय ही शिस्त! शिस्त कसली डोंबलाची. लहानपणी जिन्यावरून पडून तिचे वरचे समोरचे तीन दात गेले होते. त्या जागी कोणी तरी बसवलेले दात असे होते की शाळेत तिला त्यावरून नाव पडलं होतं आणि ते नाव इथं सांगण्यासारखं नाही. तोंडावर हात धरल्याशिवाय ती बोलत नसे. वहीत तोंड लागत नव्हतं. वहीत ती नकाशेवाली होती आणि तिथं तिच्याइतकं पटापट बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

आणि काय काय बोलायचे लोक त्या वहीत! रेडिओवर जहाज दिसत नाही, ऐकू येतं. मालिका चालू असतानाच तिनं पावलं मोजून ठेवली होती. इंजिनाच्या खोलीपासून सुकाणूच्या चौथऱ्यापर्यंत तेवीस. कोणतं दार कुरकुरतं, कोणत्या जिन्यावर आवाज घुमतो, सगळं टिपलेलं. त्यावरून तिनं तीन मजल्यांच्या जहाजाचा नकाशा काढला, म्हणून ती नकाशेवाली. पण अठ्ठ्याऐंशीव्या भागात तीच वाट एकतीस पावलांची झाली होती आणि त्यावरून वहीत चौदा पानं भांडण पेटलं. दुर्बीण हिरव्या शाईनं लिहायचा. त्यानं लिहिलं की पावलांचा आवाज काढणाऱ्यानं घोळ घातला, विषय संपला. तिनं लिहिलं, ‘जहाज चुकत नाही, आपले कान चुकतात.’ कोठारवाला तर वही सोडून जायला निघाला. शेवटी सुकाणूनं अर्ध्या पानात निकाल दिला. ‘त्या भागात कप्तानाचा पाय मुरगळला आहे. लंगडणारा माणूस लहान पावलं टाकतो. नकाशा बरोबर आहे.’

नकाशा बरोबर आहे. हे तीन शब्द तिनं किती वेळा वाचले असतील याची मोजदाद तिनं ठेवली नाही, आणि ती तर पावलांची मोजदाद ठेवणारी बाई. तेव्हापासून सुकाणू तिच्या मनात ठाण मांडून बसला. त्याला हे कळवायचं कसं? वहीत सगळे वाचणार आणि वहीबाहेर नियम.

वर्षं गेली. कोणाला संसार आला, कोणाला कंटाळा, कोणी खरोखरच गेलं. सात जणांचे तिघं उरले: ती, सुकाणू आणि दुर्बीण. ती वही सुकाणूला पाठवायची, सुकाणू दुर्बिणीला, दुर्बीण तिला. मधल्या काळात ती लॅबमध्ये लागली, काम शिकली, आणि तिशीत तिनं स्वतःसाठी तीन दात बनवले. मालक आजही नव्या मुलींना सांगतात की असं काम या लॅबमध्ये पुन्हा झालं नाही. दात झाले, पण तोंडावरचा हात काही खाली आला नाही.

अकरा वर्षांपूर्वी सुकाणूनं वहीत लिहिलं, ‘पहिला नियम मोडावा असं माझं मत. एकदा भेटू या.’ ती ओळ घेऊन ती सहा दिवस फिरली. सातव्या दिवशी तिनं लिहिलं, ‘नियम म्हणजे नियम. नकाशेवाली.’ सही झाल्यावर पेन पुन्हा कागदावर टेकलं, काही तरी आणखी लिहायचं होतं, पण नुसता ठिपका पडला. दुर्बिणीनं तिच्याआधीच हिरव्या शाईत लिहून ठेवलं होतं, ‘मी पडलो दुर्बीण. मला लांबूनच बरं दिसतं.’ दोन विरुद्ध एक. सुकाणूनं तो विषय पुन्हा काढला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कोणाकडे?

आणि आता सात महिने वही नव्हती.

"जहाज आलं का हो, वन्सं?" वहिनी रोज विचारायची. आधी चेष्टेत, मग चेष्टा न करता. एका रात्री जेवताना तिनं भाजीचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या सुकाणूचा पत्ता आहे ना तुमच्याकडे? मग जाऊन या. जहाज येत नसेल तर बंदरानं जावं."

"नियम आहे," ती म्हणाली.

"नियम कोणी केला?"

दादानं पाण्याचा पेला उचलला आणि गंभीरपणे त्यातच बघत राहिला, कारण याचं उत्तर घरात सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळच्या बसनं ती निघाली. चार तासांचा रस्ता. जाऊन काय करायचं ते तिनं पक्कं ठरवलं होतं: दार वाजवायचं, वहीची चौकशी करायची, सुकाणू बरा आहे एवढं पाहायचं आणि परतीची बस धरायची. तो समोर आला तर हात खाली ठेवायचा, एवढंही ठरवलं होतं. बसच्या काचेत बघून तिनं तेही दोनतीनदा करून पाहिलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना संपला की लांब गॅलरी आणि शेवटचं दार त्याचं. सवयीनं तिनं पावलं मोजली. तेवीस भरली. ती दारासमोर एकटीच हसली आणि बेल दाबली.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. अंगावर धुवट साडी, चष्मा कपाळावर ढकललेला.

"मी..." ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपलं काय नाव सांगायचं हे ठरवायचंच राहिलं. "मी वहीतली."

बाईंनी चष्मा खाली घेतला. "नकाशेवाली?" मग दार पूर्ण उघडून त्या बाजूला झाल्या. "या. मी त्याची ताई. उशीर केलात हो. तो गेला. चार महिने झाले."

ती आत गेली आणि दिसेल त्या खुर्चीवर बसली. ताईंनी पाणी आणून दिलं. समोरच्या भिंतीवर तिचा नकाशा होता. तिनं वहीत काढलेला तळहाताएवढा नकाशा सुकाणूनं भिंतभर मोठा केला होता, मजल्यांना तीन रंग दिले होते, आणि इंजिनाच्या खोलीपासून चौथऱ्यापर्यंत तेवीस बारीक ठिपके. खाली फळीवर भरलेल्या सगळ्या वह्या ओळीनं लावलेल्या, एकतीस वर्षांच्या सव्वीस वह्या, प्रत्येकीच्या पाठीवर आकडा. टेबलावर त्याचा फोटो होता. धंद्याच्या सवयीनं तिचं लक्ष आधी दातांकडे गेलं. चांगले होते. थोडे पुढे, पण त्याचे स्वतःचे.

"शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा," ताई सांगू लागल्या. "काचेच्या नळ्या धू, स्पिरिटचे दिवे भर. मुलं त्याला हसायची, याच्या डोक्यात जहाज म्हणून. लग्न केलं नाही. मला यजमान गेल्यावर इथंच घेऊन आला. संध्याकाळ झाली की वही. मी म्हणायची, अरे, त्या माणसांनी तुला पाहिलेलं तरी आहे का? तर म्हणायचा, ताई, त्यांनी मला ऐकलंय."

मग आजारपण आलं. आधी चक्कर, डोकेदुखी, डॉक्टरांच्या फेऱ्या. सात महिन्यांपूर्वी ताई भाजी आणायला खाली गेल्या होत्या. परत येतात तो हा दारातच पडलेला. मेंदूत रक्ताची गाठ. पंधरा दिवस हॉस्पिटल. डॉक्टरांनी बजावलं, वाचन बंद, लिहिणं बंद, डोक्याला कसलाही ताण नको.

"आणि नेमकी तिसऱ्या दिवशी ही आली." ताई उठल्या, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून त्यांनी खाकी पिशवी काढली. "टपालवाला देऊन गेला. मी म्हटलं, ही त्याच्या नजरेस पडली तर हा ऐकणार नाही, वाचत बसेल. म्हणून लपवली. शेवटपर्यंत सांगितलंच नाही की तुमची वही आली आहे म्हणून. तो विचारायचा, ताई, काही आलं का? मी म्हणायची, नाही रे. खोटं बोलले, पण त्याच्याच भल्यासाठी ना?"

"हो," ती म्हणाली.

"एक मात्र मला कळलं नाही. घरी आणल्यावर, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, सकाळपासून त्याचं सुरू झालं, नवा शर्ट काढ. एक हात चालत नव्हता, मीच घातला. दाढी करून घेतली. दाराकडे तोंड करून बसला, या इथं, तुम्ही बसलात तिथं. दुपारी जेवला नाही. म्हटलं, कोण येणार आहे का? तर म्हणाला, बहुतेक नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर म्हणाला, शर्ट काढ, घडी करून ठेव. त्यानंतर तो बोलायचाच बंद झाला. म्हणजे बोलायचा, पाणी दे, दिवा लाव. पण बोलायचा नाही. दोन महिन्यांत गेला."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. खिशात सुकाणूच्या पत्त्याचं कार्ड होतं, तिच्याच अक्षरातलं, तिनंच घातलेलं. ते बाहेर ओढलं तर त्याच्या मागे दुसरं कार्ड निघालं. त्यावर तिचा पत्ता होता, हिरव्या शाईत. दुर्बिणीचं कार्ड. गेली कित्येक वर्षं वही अशाच कार्डासह तिच्या घरी येत होती. ते इथं, या घरात, कसं?

तिनं वही उघडली. सुकाणूचं अक्षर वेडंवाकडं झालं होतं.

‘नकाशेवाली, दुर्बीण सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलानं पिशवी मला परत पाठवली, आत तुझ्या पत्त्याचं कार्ड. चौथ्या नियमानं वही तिथंच बंद व्हायला हवी होती. मला ते जमलं नाही. सहा वर्षं त्याची पानं मी डाव्या हातानं लिहितो आहे. तू पिशवीवर माझ्याच गावच्या पोस्टाचा शिक्का पाहशील आणि मला पकडशील, असं दर वेळी वाटायचं. तू पाहिला नाहीस, की पाहून गप्प राहिलीस? त्याचं मत फिरवून पहिला नियम मी केव्हाही मोडू शकलो असतो. ते केलं नाही, एवढं माझ्या खाती धर. पण आता मला बरं वाटत नाही आणि डॉक्टर मला न सांगता ताईला बाहेर बोलावतात. म्हणून आज मत मांडतो. पहिला नियम मोडावा. सुकाणू.’

खाली हिरव्या शाईत, थरथरत्या डाव्या हाताची एक ओळ होती. ‘मोडावा. दुर्बीण.’

आणि पुन्हा निळ्या शाईत: ‘दोन विरुद्ध एक. मेलेल्याचं मत धरायचं की नाही ते तू ठरव. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मी दिवसभर घरी आहे. तुझ्या सहीपुढे एक ठिपका आहे. अकरा वर्षं मी त्या ठिपक्याकडे बघतो आहे. आली नाहीस तर समजेन, तो नुसता ठिपकाच होता, आणि पुन्हा विचारणार नाही. जिन्यापासून माझ्या दारापर्यंत तेवीस पावलं आहेत. मी मोजली. ताई भाजीला गेली आहे, तेवढ्यात टपालवाल्याच्या हातात देतो.’

ती वाचत राहिली, संपल्यावरही. मग एकेक गोष्ट तिला उलगडत गेली, आणि उलगडली नसती तर बरं झालं असतं. त्यानं नवं कार्ड घातलं, पण आपलं काढायला विसरला. हात नीट चालत नसतील म्हणून असेल, घाईनं असेल. टपालवाल्याला वर दिसला तो सुकाणूचाच पत्ता. तिसऱ्या दिवशी पिशवी मुकाट त्याच्याच घरी परत आली आणि कपाटात गेली. तो मात्र समजत होता की वही पोचली, तिनं वाचली, आणि ती आली नाही. ताईंनी एकदा, फक्त एकदा, पिशवी त्याच्यासमोर धरली असती तर त्याला आपली चूक दिसली असती. आणि तो पहिला नियम नसता, तर ताईंनाही तिच्या नावे एक पोस्टकार्ड टाकून विचारता आलं असतं की बाई, तुम्ही कोण? तेवीस पावलं मोजणाऱ्या बाईला सहा वर्षं पोस्टाचा शिक्का दिसला नव्हता. तो दिसला असता, तर तिनं काय केलं असतं? नियमावर बोट ठेवलं असतं. हेच ते ओळखून होता, म्हणून मेलेल्या माणसाचा हात त्यानं सहा वर्षं चालवला.

"काय लिहिलंय हो?" ताई पुढे वाकल्या. "माझ्या डोळ्यांना ते बारीक अक्षर दिसत नाही. तुमचंच पान ना ते शेवटचं? तुम्ही पाठवलेलं?"

तिनं वही मिटली. ताईंच्या हातात पदराचं टोक होतं आणि त्या ते उगाचच पिळत होत्या. त्यांचं उरलेलं आयुष्य या चार खोल्यांत जायचं होतं, या कपाटासमोर.

"माझंच आहे," ती म्हणाली.

"त्यात वीस तारखेचं आहे काही?"

"हो. मी येणार म्हणून आमचं आधीच ठरलं होतं. यात मी कळवलं होतं, की येणार नाही. तुम्ही दाखवलं नाहीत ते बरंच झालं."

ताईंच्या हातातला पदर सुटला. त्यांच्या चेहऱ्यावरून एक भीती उतरली आणि तिथं दुसरं काही तरी आलं.

"का नाही आलात?"

"नियम होता."

"नियम," ताई म्हणाल्या. "माझा भाऊ सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत या खुर्चीत बसला होता. दुखत असताना ताठ बसला होता, शर्टाला चुणी पडेल म्हणून. आणि तुमचा नियम होता." त्या उठून उभ्या राहिल्या. "निघा तुम्ही. ती पिशवीही न्या. आणि हे बाकीचं उद्या रद्दीत घालते मी. मला नको ते घरात."

"वह्या रद्दीत देऊ नका," ती म्हणाली. "ताई, पाया पडते, मी माणूस घेऊन येते, गाडी करून नेते—"

"नियम तुमचे असतील. घर माझं आहे."

एक शब्द बोलली असती तर सव्वीस वह्या वाचल्या असत्या. ताईंनी भिंतीवरचा नकाशा काढायला सुरुवात केली होती. वरच्या कोपऱ्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून त्यांनी खालूनच ओढला आणि तो मधोमध फाटला. नकाशेवाली ते बघत उभी राहिली. तोंडावर हात नव्हता, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

ती पिशवी छातीशी धरून बाहेर आली. मागे दार लागलं. गॅलरीत शेजारच्या दोन मुली उड्या मारत होत्या, त्यांनी तिला वाट दिली. सवय ती सवय, पावलं आपोआप मोजली गेली. जिन्यापर्यंत एकतीस भरली.